पऱ्हाटी, ऊन आणि एक नेमका काप

होळीच्या आसपास संध्याकाळी खान्देशातल्या पारोळा-अमळनेरच्या शिवारातून गेलात, तर दर चार-दोन शेतांआड बांधावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग पेटलेला दिसतो. कापूस वेचून झालेला असतो, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेली कपाशी, मोडलेली असते, आता शेत मोकळं करायचं असतं. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत आणि रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून पऱ्हाट्या शेतात राहू देऊ नका, असं कृषी खातंच सांगतं. चुलीपुरत्या घरी जातात, भरताची वांगी भाजायला थोड्या बाजूला काढतात, बाकीच्या पेटतात. जाळणाऱ्याला बोल लावावा असं मला कधीच वाटलं नाही. मजुरी देऊन उपटलेल्या काड्यांना गिऱ्हाईकच नसेल, तर त्याने दुसरं करायचं काय?

गेल्या फाल्गुनात अशाच एका ढिगाजवळ उभे असताना आमचे नाना, म्हणजे माझे थोरले काका, मला म्हणाले, "तू कॉलेजमा केमिस्ट्री शिकाडस ना? मंग ह्या पऱ्हाटीमाईन काही निंघत नही का? ऊन ते आपलाकडे गंज शे." म्हणजे, ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे.

पऱ्हाटी आणि ऊन या दोन गोष्टी त्यांनी एका दमात जोडल्या. जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा नेमक्या याच जोडणीवर काम करत आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी जे उत्तर दिलं ते फार तोकडं होतं. हा लेख म्हणजे तेच उत्तर, नीट वेळ घेऊन.

आधी पऱ्हाटी हातात घेऊ. वाळलेली काडी मोडली तर कडकन आवाज येतो, आत पांढरट गाभा दिसतो, वरची साल सोलली की चिवट तंतू निघतात. पऱ्हाटी असो, केळीचं खोड असो, ज्वारीचा कडबा असो की उसाचं चिपाड, वाळल्यावर जे उरतं त्यात मुख्यतः तीनच पदार्थ असतात. वजनाचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के भाग सेल्युलोज, वीस ते तीस टक्के हेमीसेल्युलोज आणि पंधरा ते तीस टक्के लिग्निन. पिकाप्रमाणे प्रमाण बदलतं, पदार्थ तेच.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब माळ. ज्या बोंडासाठी आपण कपाशी लावतो तो कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. गंमत अशी की ज्वारीच्या दाण्यातला स्टार्चही ग्लुकोजचीच माळ आहे. फरक एवढाच की मणी एकमेकांना जोडण्याची तऱ्हा वेगळी. स्टार्चच्या माळेचा सांधा आपल्या पोटातल्या विकरांना (एन्झाइमना) उघडता येतो, म्हणून भाकरी पचते. सेल्युलोजचा सांधा उघडत नाही, म्हणून कडबा आपल्याला पचत नाही. बैलालाही तो स्वतःहून पचत नाही. त्याच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.

हेमीसेल्युलोज ही पण साखरांचीच साखळी, पण आखूड, फाटे फुटलेली आणि पाच कार्बनच्या झायलोजसारख्या साखरा असलेली. ती सैल असल्यामुळे तोडायला सोपी.

तिसरं लिग्निन. माझा जीव खरा अडकलाय तो त्याच्यात. स्लॅबमध्ये जशा सळया, तसे झाडात सेल्युलोजचे तंतू. आणि त्या सळयांभोवती ओतलेलं सिमेंट म्हणजे लिग्निन. झाड उभं राहतं, वाऱ्यात टिकतं, बुरशीला सहज दाद देत नाही, ते त्याच्यामुळे. रासायनिकदृष्ट्या ते साखरेसारखं अजिबात नाही. ते सहा कार्बनच्या कड्यांचं बनलेलं असतं, बेंझिनमध्ये असतं तसं कडं. रंग, औषधं, नायलॉन, थर्मोकोल अशा असंख्य वस्तूंच्या मुळाशी ही कडी लागतात आणि आज ती जवळजवळ सगळी खनिज तेलातून येतात. दरवर्षी नव्याने उगवणारा इतका मोठा साठा मात्र निसर्गात लिग्निनखेरीज दुसरीकडे कुठेही नाही. आपण तो बांधावर पेटवतो, आणि कागदाच्या गिरण्यासुद्धा लगद्यातून वेगळं झालेलं बहुतेक लिग्निन बॉयलरमध्येच जाळतात.

ऊन लिग्निनचं काय करतं हे तुम्ही पाहिलेलं आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो, त्यात लिग्निन तसंच राहतं. जुना पेपर खिडकीत उन्हात राहिला की पिवळा पडतो, कडा तुटायला लागतात. प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन मिळून लिग्निनवर घाला घालतात, त्याचा तो रंग. वहीचा चांगला कागद इतका लवकर पिवळा होत नाही, कारण त्यातून लिग्निन काढून टाकलेलं असतं. म्हणजे उन्हाला लिग्निन तोडता येतं. प्रश्न आहे तो हवं तिथे, हवं तेवढंच तोडण्याचा.

काडी तोडून काय मिळतं, हा नानांचा खरा प्रश्न होता. मिळणाऱ्या वस्तू काल्पनिक नाहीत. १९२२ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल नावाचं रसायन कारखान्यात बनवायला सुरुवात केली. कच्चा माल होता हेमीसेल्युलोज. फरफ्युरल आजही वंगणतेल शुद्ध करायला आणि ओतकामाच्या साच्यांची वाळू बांधणारी रेझिनं बनवायला वापरतात. नॉर्वेतली बोरेगार्ड ही कंपनी लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलीन बनवते, तोच व्हॅनिला आइस्क्रीमचा वास. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजमधून पाणी काढून टाकलं की एचएमएफ नावाचा रेणू मिळतो. त्याला ऑक्सिजन जोडत नेलं की एफडीसीए हे आम्ल तयार होतं, आणि त्यापासून पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकला पर्याय ठरणारं पीईएफ हे प्लास्टिक बनतं.

यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खनिज तेलात मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन, ऑक्सिजन जवळजवळ नाही. त्यापासून औषधं, प्लास्टिक, द्रावकं बनवताना ऑक्सिजन बाहेरून घुसवावा लागतो आणि त्यावर बरीच ऊर्जा खर्च होते. झाडाने तो ऑक्सिजन आधीच, ठरलेल्या जागी, नेटका बसवून दिलेला असतो. म्हणून काडी जाळणं म्हणजे विणलेलं लुगडं उसवून त्याचा कापूस करण्यासारखं आहे. त्यातलं सूत जातं आणि त्याबरोबर विणकराची मेहनतही जाते.

आज कारखान्यात काडी फोडायची रीत आहे उष्णतेची. दीडशे-दोनशे अंश तापमान, वाफेचा दाब, सोबत आम्ल किंवा अल्कली, पुढे विकरं. हरियाणात पानिपतला २०२२ साली सुरू झालेला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना याच जातीचा, आणि त्याचं तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शेतातल्या अवशेषांपासून साखरा आणि फरफ्युरल मिळवणाऱ्या घन उत्प्रेरकांवर काम झालं आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण उष्णतेत एक खोट आहे. भांडं तापवलं की आतला प्रत्येक रेणू तापतो, जो तोडायचा आहे तोही आणि जो राखायचा आहे तोही. लिग्निनचं तर असं होतं की तापवल्यावर एकीकडे ते तुटतं आणि दुसरीकडे तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून पहिल्यापेक्षा घट्ट गोळा होतो.

इथे उजेड कामाला येतो. उजेड, ऊब नव्हे. या दोन गोष्टी आपल्या बोलण्यात 'ऊन' या एका शब्दात सामावतात, त्यामुळे गोंधळ होतो. भुसावळला पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो म्हणजे इथे ही रसायनं फार जोरात चालतील, असं कुणाला वाटेल. तसं नाही. गच्चीवर कुरडया वाळतात त्या उबेने, आणि सोलर हीटरमध्ये पाणी तापतं तेही उबेने. सोलर पॅनेल मात्र उजेडावर चालतं, आणि फार तापलं तर उलट कमी वीज देतं. आपल्याला हवी आहे ती पॅनेलची जात.

उजेड पुड्यांनी येतो. त्या एका पुडीला फोटॉन म्हणतात. जांभळ्या उजेडाच्या एका फोटॉनमध्ये जेवढी ऊर्जा असते ती पंचेचाळीस अंश तापलेल्या हवेतल्या एका रेणूच्या उष्णतेच्या ऊर्जेच्या पाऊणशे ते शंभर पट असते. म्हणजे भांडं थंड असतानाही एखाद्या रेणूला नेमका, जबरदस्त धक्का देता येतो आणि शेजारच्याला कळतही नाही.

पण छोट्या पुड्या जोडून मोठी पुडी करता येत नाही. उंच फांदीवरची कैरी दगडाने पाडायची असेल तर एक दगड तिथवर पोचला पाहिजे. अर्ध्या उंचीपर्यंत जाणारे शंभर दगड मारले तरी कैरी पडत नाही. लाल उजेडाचा फोटॉन छोटा, निळ्याचा मोठा, अतिनील किरणांचा त्याहून मोठा. किती उंच फेकावं लागेल हे ठरतं ते उत्प्रेरकावरून.

उत्प्रेरक म्हणजे जो क्रिया घडवून आणतो पण स्वतः खर्ची पडत नाही. प्रकाशाने चालणारे उत्प्रेरक बहुतेक वेळा अर्धवाहक पदार्थांचे बारीक कण असतात, म्हणजे पॅनेलमधल्या सिलिकॉनचे भाऊबंद. फोटॉन कणावर आदळला की आतला एक इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर उडतो. खाली त्याची जागा रिकामी राहते. वर गेलेला इलेक्ट्रॉन कोणाला तरी देऊन टाकायला उतावीळ असतो. खालची पोकळी कोणाकडून तरी इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायला टपलेली असते. पॅनेलमध्ये आपण त्या इलेक्ट्रॉनला तारेतून फिरवून आणतो, तीच वीज. उत्प्रेरकाच्या कणात तार नसते. तो कण म्हणजे एक चिमुकलं पॅनेल, ज्याची दोन्ही टोकं त्याच्याच पृष्ठभागावर आहेत. एका जागी तो देतो, दुसऱ्या जागी घेतो. जिथे घेतो तिथे काडीचा रेणू ठेवायचा, जिथे देतो तिथे पाणी किंवा दुसरं काही.

वर गेलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा काहीच न करता पुन्हा खाली पडतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास घडून जातं. या संपूर्ण शास्त्राची निम्मी मेहनत त्याला तेवढा वेळ वर थोपवून धरण्यात गेली आहे. कणावर प्लॅटिनम किंवा निकेलचे सूक्ष्म ठिपके बसवतात, इलेक्ट्रॉन तिथे धावतो आणि पोकळीपासून लांब राहतो.

१९७२ साली जपानमधल्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकला की पाण्याचं विघटन होऊ शकतं. हा पदार्थ तुमच्या घरात आहे. भिंतीच्या आणि दारांच्या पांढऱ्या रंगाचा पांढरेपणा त्याचाच. उन्हाच्या बाजूच्या जुन्या ऑइलपेंटवरून बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते ना? रंग हलका असेल, हा एक भाग झाला. पण त्यामागे बऱ्याचदा हीच क्रिया असते. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण उन्हात जागे होतात आणि स्वतःला धरून ठेवणाऱ्या रेझिनलाच हळूहळू खातात. रंगाच्या कारखानदारांना हे खूप आधीपासून माहीत होतं. ते त्याला दोष मानत होते आणि आजही कणांवर लेप देऊन ते थोपवतात. आपल्याला नेमका तो दोषच हवा आहे.

१९८० साली कावाई आणि साकाता या जपानी शास्त्रज्ञांनी एक साधी अदलाबदल केली. पाणी फोडताना सगळ्यात अवघड भाग असतो पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजन मोकळा करणं. त्यांनी म्हटलं, पोकळीला पाण्याऐवजी साखर खायला देऊ. साखर इलेक्ट्रॉन फार सहज सोडते. मग वरचा इलेक्ट्रॉन पाण्याकडे वळतो आणि हायड्रोजन निघतो. त्यांनी साखर वापरली, स्टार्च वापरला आणि सेल्युलोजही. २०१७ मध्ये केंब्रिजच्या एका गटाने कॅडमियम सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण तीव्र अल्कलीत घालून लाकूड, कागद आणि गवत यांपासून थेट, साध्या तापमानाला हायड्रोजन काढून दाखवला.

या टप्प्यावर बातम्या येतात, 'कचऱ्यापासून उन्हाने इंधन'. बातमी खोटी नसते. पण मला विचाराल तर आपल्या काडीचा हा सर्वात चांगला उपयोग नव्हे. का, ते हिशेबाने सांगतो.

खान्देशात एका चौरस मीटरवर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला पाच युनिटच्या आसपास ऊन पडतं. धरून चालू की त्यातला एक टक्का हायड्रोजनमध्ये साठवता आला. वनस्पतीही उन्हाचा साधारण एवढाच वाटा साठवते, म्हणजे आपण फार हात आखडत नाही. मग एका चौरस मीटरमागे दिवसाला दीड ग्रॅम हायड्रोजन मिळेल. दीड ग्रॅम! अख्खं हेक्टर काचेने झाकलं तर पंधरा किलो. ऊन खूप आहे, पण ते पातळ पसरलेलं आहे.

आता तोच हिशेब दुसऱ्या बाजूने. एक ग्रॅम हायड्रोजन मिळवायला जेवढे फोटॉन लागतात, तेवढेच फोटॉन लिग्निनमधला एकेक सांधा कापायला वापरले आणि एकही वाया गेला नाही, तर साधारण तीनशे ग्रॅम लिग्निन मोकळ्या तुकड्यांत सुटतं. हा कागदावरचा आदर्श हिशेब आहे, प्रत्यक्षात दोन्हीकडे पुष्कळ फोटॉन वाया जातात. तरीही एक आणि तीनशे यांतला फरक राहतोच. हायड्रोजन बनवताना एकेक फोटॉन एकेक हलका अणू बांधतो. सांधा कापताना एक फोटॉन झाडाने आधीच बांधून ठेवलेली दोन जड, किमती घरं मोकळी करतो. पातळ पसरलेलं ऊन तिथेच खर्चावं, जिथे प्रत्येक फोटॉनचं मोल सगळ्यात जास्त आहे.

पण काप नेमका हवा. पाण्यात उत्प्रेरकाच्या पोकळीपासून हायड्रॉक्सिल नावाचे मूलक, म्हणजे रेणूचे अर्धवट, उतावीळ तुकडे, तयार होऊ शकतात आणि ते समोर येईल त्याला फोडत सुटतात. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ करायचं असेल तर हीच वृत्ती हवी. काडीच्या बाबतीत मात्र ते साखरेचे तुकडे करतात, तुकड्यांचे आणखी तुकडे, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड. बांधावर जाळल्यावरही तोच वायू निघतो. म्हणजे भारी उत्प्रेरक वापरून आपण थंड भांड्यात पऱ्हाटी जाळलीच म्हणायची. मला या विषयातली खरी कसोटी हीच वाटते. कितपत तुटलं याहून कुठे थांबलं हे महत्त्वाचं.

लिग्निनमध्ये कडी एकमेकांना अनेक तऱ्हांनी जोडलेली असतात. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा सांधा, साधारण निम्मे सांधे याच प्रकारचे, ऑक्सिजनच्या पुलाचा असतो. रसायनशास्त्रात त्याला बीटा-ओ-चार म्हणतात. हा पूल सरळ तोडायला गेलात तर तो दाद देत नाही. पण पुलाच्या शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन काढून घेतला तर पूल एकदम कच्चा होतो. टिकाव मारून भिंत पडत नाही, तेव्हा पायातला एक दगड सरकवावा, तसं.

चीनमधल्या शियामेन विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये नेमकं हे केलं. कॅडमियम सल्फाइडचे इतके बारीक कण घेतले की ते द्रावणात जवळजवळ विरघळल्यासारखे राहतात आणि लाकडाच्या भुग्यात आतवर शिरतात. दृश्य प्रकाश पडला की पोकळी शेजारचा हायड्रोजन काढते, पूल कच्चा होतो, आणि त्याच कणाचा इलेक्ट्रॉन येऊन तो तोडतो. देणारा आणि घेणारा असे दोन्ही हात एकाच सांध्यावर. साध्या तापमानाला, बर्च झाडाच्या लाकडातलं लिग्निन सुटून कडी मोकळी झाली आणि सेल्युलोज, हेमीसेल्युलोज जागच्या जागी शाबूत राहिले, ज्यांच्या पुढे साखरा करता आल्या. आधी सिमेंट अलगद काढलं, सळया न वाकवता. हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पऱ्हाटीच आठवली होती.

मग अडलंय कुठे? आधी कॅडमियमच घ्या. ते विषारी आहे. शेतातल्या वस्तूवर चालणाऱ्या आणि ज्याचा गाळ पुन्हा शेताकडे येऊ शकतो अशा कामात ते वापरावं असं मी कधीच म्हणणार नाही. टायटॅनियम डायऑक्साइड त्या मानाने निर्धोक आहे, पण त्याची फांदी फार उंच. त्याला अतिनील किरण लागतात आणि ते आपल्या उन्हात चार-पाच टक्केच असतात. या दोघांच्या मधला एक पदार्थ मला फार आशेचा वाटतो, कार्बन नायट्राइड. फिकट पिवळी पूड, ना महाग धातू ना विषारी. ती बनते चक्क युरियापासून. झाकलेल्या भांड्यात युरिया साधारण साडेपाचशे अंशांना तापवला की उरते ती ही पूड. (घरी कोणी करून पाहू नये, अमोनियाचे लोट निघतात.) निळ्या-जांभळ्या उजेडावर ती चालते. २००९ मध्ये तिच्याकडून पाण्यातला हायड्रोजन काढून दाखवला गेला, आणि तेव्हापासून साखरा आणि लिग्निनच्या तुकड्यांवर तिचे प्रयोग चालू आहेत.

दुसरी अडचण नानांना लगेच पटली. पुरात तापीचं पाणी कसं असतं? हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. पऱ्हाटीचा भुगा पाण्यात घातला की तसंच होतं. उजेड वरच्या थरातच अडतो, आतले कण अंधारात पडून राहतात. शिवाय उत्प्रेरकही घन आणि काडीही घन. दोन खडे एकमेकांना कितीसे भिडणार? त्यामुळे काडी आधी काही प्रमाणात विरघळवावी लागते, अल्कलीत किंवा योग्य द्रावकात, आणि द्रावण पातळ थराने काचेवरून किंवा नळ्यांतून फिरवावं लागतं. द्रावकाची किंमत, तो परत मिळवण्याचा खर्च, आणि शेवटी त्या पातळ रसातून हवं ते एक रसायन वेगळं काढायचं काम. वेगळं काढण्याचा हा खर्च बऱ्याच हिशेबांत गाळला जातो आणि मग आकडे फार गोड दिसतात.

म्हणून या विषयावरची बातमी वाचताना मी आधी पाहतो की प्रयोग खऱ्या काडीवर झाला की बाजारातून आणलेल्या शुद्ध नमुना-रेणूवर. मग उजेड सूर्याचा होता की एलईडीचा. आणि उत्पन्न 'एका ग्रॅम उत्प्रेरकामागे' दिलंय की 'एका किलो काडीमागे'. शेतकऱ्याला शेवटचाच आकडा कामाचा.

खान्देशात बसून विचार केला तर पऱ्हाटी आणि केळी ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. पऱ्हाटी कोरडी, टणक, लाकडासारखी. लिग्निनसाठी ती उत्तम, पण हलकी आणि पसरट असल्याने वाहून न्यायला महाग. कुट्टी गावातच झाली पाहिजे. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीचं खोड याच्या उलट. घड उतरला की हेक्टरी कित्येक टन खोड शेतात उरतं आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. जाळायला ते निरुपयोगी, आणि वाळवायला गेलं तर वाळवण्यातच नफा जातो. पण प्रकाश-उत्प्रेरणाला पाणी अडचणीचं नाही, ती क्रिया मुळात पाण्यातच चालते. शिवाय केळीच्या खोडात लिग्निन पऱ्हाटीपेक्षा कमी, म्हणजे सेल्युलोज उघडायला कमी त्रास. आपल्याला जो ओलेपणा नडत होता तो इथे सोयीचा ठरू शकतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते फळासाठी. खोडाला तसा मान अजून मिळायचा आहे.

रात्रीचं आणि पावसाळ्याचं काय, असं विचारलं जातं. साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. पॅनेलची वीज साठवून तिच्यावर निळे एलईडी दिवे लावायचे आणि भांडं आतून उजळायचं, हाही एक मार्ग आहे. उन्हातून वीज आणि विजेतून पुन्हा उजेड करताना बरीच गळती होते, हे खरं. पण पॅनेल लाल-पिवळा उजेडही पकडतं, जो उत्प्रेरकाला चालत नाही, आणि दिवा मात्र हवा तोच रंग देतो. किमती रसायनासाठी हा सौदा परवडू शकेल. हायड्रोजनसाठी नाही.

इटलीत बोलोन्याला जाकोमो चामिचान नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९१२ साली न्यूयॉर्कच्या एका परिषदेत त्यांनी मांडलं होतं की कोळसा संपेल, तेव्हा रुक्ष, उन्हाळ प्रदेशांत काचेच्या नळ्यांचे, धूर नसलेले कारखाने उभे राहतील आणि प्रकाशाने रसायनं बनतील. शंभर वर्षांहून जास्त झाली. मी ते वाचताना दर वेळी धुळे-नंदुरबारच्या माळांचाच विचार करतो.

नानांना मी हे सगळं सांगितलं, थोडं कमी रसायन घालून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग औंदा काय करू?"

औंदा या तंत्राचं काहीही मिळणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. उन्हावर चालणारं काडी-रसायनाचं यंत्र म्हणून कोणी काही विकायला आलं तर पैसे देऊ नका, असंही. पऱ्हाटीची श्रेडरने जागच्या जागी कुट्टी करून जमिनीत गाडता येते, बोंडअळीचा अटकावही होतो. मुंबईच्या सिरकॉट या कापूस-तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवायचं तंत्र केव्हाच तयार केलं आहे. केळीच्या खोडापासून धागा आणि द्रवरूप खत करण्याचं काम आपल्या शेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने केलं आहे. हे आजचं आहे.

त्यांनी दहा-बारा पऱ्हाट्या जुडीतून काढून माझ्या गाडीत टाकल्या. एक कुटून चाळून माझ्या प्रयोगशाळेत ठेवली आहे, अल्कलीत भिजत. द्रावण आता चहासारखं तपकिरी झालंय. तो रंग लिग्निनचा. परीक्षा संपल्या की कार्बन नायट्राइडची चिमूट घालून ते काचेच्या पसरट भांड्यात गच्चीवर ठेवणार आहे, आणि शेजारी तसंच एक भांडं काळ्या कापडाने झाकून, म्हणजे उबेने काय झालं आणि उजेडाने काय झालं ते वेगळं कळेल. नाना म्हणालेत, वैशाखात ठेव, मीही येतो बघायला.